पालथे फोन

अ‍ॅप बनवायला सुरुवात कशी करायची, असं मला कुणी विचारलं की मी सांगते, आधी चांगली केबल आणा. समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटलेलं असतं, मी एखाद्या कोर्सचं नाव घेईन, निदान लॅपटॉप कुठला घ्यायचा ते तरी सांगेन. पण मी केबलवरच अडून बसते, कारण माझा पहिला अख्खा दिवस केबलनं खाल्ला. फोन लॅपटॉपला लावलेला, फोन मजेत चार्ज होतोय, आणि लॅपटॉप म्हणतोय मला काही जोडलेलंच नाही. मी सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, देवाला हात जोडले. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी केबल आणली आणि लॅपटॉपला फोन लगेच दिसला. काही केबली नुसती वीज नेतात, माहिती नेत नाहीत, आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हापासून माहिती नेणाऱ्या केबलला मी लाल दोरा बांधते, आणि घरात कुणी तिला हात लावला की भांडते.

मी तेरखेड्यात राहते, फटाक्यांच्या गावात. कॉलेज पुण्यात झालं, नोकरीची पहिली वर्षंही तिथंच गेली, आणि घरून काम करायची सोय झाली तशी मी बॅग उचलून गावी आले. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझं ऑफिस आहे. एका कंपनीची अ‍ॅप बिघडली की ती का बिघडली हे शोधून द्यायचं, हे माझं काम. डिबगिंग म्हणतात त्याला. मला ते चांगलं येतं, हे मी न लाजता सांगते. भावकीतले लोक अजून विचारतात, पोरगी दिवसभर मोबाईलच खेळती का. विचारू देत.

सुरुवातीला माझा लॅपटॉप जुना होता. लॅपटॉपच्या पडद्यावर एक नकली फोन उभा करता येतो आणि त्याच्यावर अ‍ॅप चालवून बघता येतं. माझ्याकडं तो नकली फोन उभा राहायला लागला की लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, आणि माझा चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडदा काळाच. मी तो नाद सोडला आणि वडिलांचा जुना फोन मागून घेतला. खरा फोन कधीही बरा, कारण लोकांच्या हातात खराच फोन असतो. त्याच्या सेटिंगमध्ये आत आत जायचं आणि एका नंबरवर बोटानं टकाटका टिचक्या मारत राहायचं. मग फोन आपणहून सांगतो की आता तुम्ही डेव्हलपर झालात. हे केल्याशिवाय लॅपटॉपवर बनवलेलं अ‍ॅप फोनवर उतरत नाही. मी टिचक्या मारत होते तेव्हा आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिला मी ती ओळ वाचून दाखवली.

“मग पुण्याला एवढी वर्षं काय करत हुतीस?” ती म्हणाली. “हितंच टिचक्या मारायच्या.”

आई फटाक्याच्या कारखान्यात कामाला आहे. कारखाना म्हणजे गावाबाहेरच्या माळावर एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या बुटक्या खोल्या. एकेका खोलीत चार-चार बायका मांडी घालून बसतात आणि खाली मान घालून काम करतात. तिथले नियम मी शाळेच्या प्रार्थनेआधी शिकले. फाटकापाशी चपला काढायच्या, अनवाणी आत जायचं, कारण चप्पल फरशीला घासून ठिणगी पडू शकते. फोन आत न्यायचा नाही. आणि बोटांना चंदेरी पूड लागलेली असते, म्हणून हात धुतल्याशिवाय बाहेरच्या कशालाही शिवायचं नाही. हा हात धुण्याचा नियम आई देवधर्मासारखा पाळते. तिसरीत असताना मी शाळेच्या ओट्यावरून पडले आणि माझं कपाळ फुटलं. आईला बोलवायला माणूस गेला. ती धापा टाकत आली खरी, पण आधी हापशावर कोपरापर्यंत हात घासून धुतले, पदराला पुसले, मगच मला उचललं. मी रक्तानं माखलेली बाजूला बसून बघत होते. मला त्या हात धुण्याचा लई दिवस राग होता.

आणखी एक नियम आहे. आभाळात वीज कडाडायला लागली की काम जागच्या जागी ठेवायचं आणि सगळ्यांनी बाहेर येऊन फाटकाजवळच्या मोठ्या शेडखाली बसायचं. हा नियम वर्षभर नीट चालतो आणि दिवाळीच्या तोंडावर सैल होतो. परतीच्या पावसाचे ते दिवस असतात, आणि मालाची घाईही तेव्हाच असते. खोलीच्या झरोक्यातून आभाळ दिसत नाही. गडगडाट ऐकू आला तरी मालक म्हणतो, लांब हाय, हातातलं उरका. हातातलं उरकेपर्यंत ढग डोक्यावर आलेला असतो. आमचा मालक दुष्ट माणूस नाही, स्वतःही त्याच माळावर असतो. पण ऑर्डर दिसायला लागली की त्याला ढग दिसत नाही.

मला भीती वाटायची. मी वर खोलीत बसून कुणाकुणाच्या अ‍ॅपमधले बारीकसारीक दोष शोधायचे आणि बाहेर ढग दाटले की माझा हात थांबायचा. एका दिवाळीआधी मी आईला सरळच सांगितलं, तू आता काम सोड. घरात कशाची कमी नव्हती. वडिलांची शेती होती, माझा पगार होता.

“म्या सोडलं तर माझ्या जागेवर दुसरी बसंल,” आई म्हणाली. “ती कुणाची माय न्हाय व्हय?”

मग मी ठरवलं की आई उठत नसेल तर ढग यायच्या आधी सगळ्याच उठल्या पाहिजेत.

जिल्ह्याला मिळून विजेचा इशारा येतो, तो मी बघत होतेच. पण जिल्हा केवढा! परंड्याला कडाडणार असलं तरी इशारा आम्हालाही. रोजच्या इशाऱ्याला रोज काम थांबवायला मालक तयार होणार नव्हता. मला हवा होता तो आमच्या माळाकडं निघालेला ढग, आणि तो बघायला माझ्याकडं माणसं होती. आईचं माहेर मेंढरंवाल्यांचं. मामा ईट गावाच्या बाजूला माळावर मेंढरं घेऊन असतात, आणि दिवसातून जितक्या वेळा ते मेंढराकडं बघतात तितक्याच वेळा आभाळाकडं बघतात. बाकीच्या तीन बाजूंनाही आमचे पाहुणे पसरलेले आहेत. मी एक अ‍ॅप बनवलं. पाहुण्यांच्या फोनवर एकच मोठं बटण: ढग निघाला. ते दाबलं की माझ्या फोनवर, आणि आईच्या नि तिच्यासोबतच्या बायकांच्या फाटकापाशी ठेवलेल्या फोनवर देवळातल्यासारखी घंटा वाजणार. बास, एवढंच. मामांना बटण दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “दाबल्यावर मेंढरं बी वळतील का?”

“तेवढं तुम्हीच बघा, मामा,” मी म्हणाले.

मालकाकडं मी स्वतः गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पोरी, दिवाळी तोंडावर हाय. उगं कुणीतरी बटन दाबलं म्हणून म्या काम थांबवणार न्हाय. माझ्यासमोर एकदा वाजवून दाखव. वाजली तर वाजल्या वाजल्या सगळे भाईर, म्या बी भाईर. न्हाय वाजली तर परत हा विषय काढायचा न्हाय.” मला हा सौदा पसंत पडला. माझं अ‍ॅप वाजणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

शंका नव्हती, कारण मी नेहमीच्या खोड्या आधीच मोडून ठेवल्या होत्या. स्वस्त फोनना बॅटरी वाचवायची भारी हौस. अ‍ॅप थोडा वेळ वापरलं नाही की फोन त्याला झोपवून टाकतो, आणि झोपलेल्या अ‍ॅपला घंटा आल्याचं कळत नाही. प्रत्येकीच्या फोनवर जाऊन मी तो अंकुश काढून टाकला. आईचा फोन संध्याकाळभर खिडकीत ठेवून दिला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि स्वयंपाक चालू असताना मामांना बटण दाबायला सांगितलं. खणखणीत वाजला. आईच्या हातातली पोळी तव्याबाहेर पडली.

दुसरी खोडी जुन्या अ‍ॅपची. मी नवं करून पाठवायचे आणि बायका ग्रुपवरून एकमेकींना जुनंच पुढं ढकलायच्या. कुणाकडं कोणतं आहे हे फोनवर विचारलं तर काही कळायचं नाही. आकडा सांगा म्हटलं की कुणी बॅटरीचा आकडा सांगायची. मग मी आकड्यांचा नाद सोडला आणि प्रत्येक नव्या अ‍ॅपचा रंगच बदलायला लागले. पहिलं राणी कलर, दुसरं मोरपंखी, तिसरं चिंतामणी. साडीचा रंग सांगायला या बायका चुकत नाहीत. एकीला फोन लावून विचारलं, कसला रंग दिसतोय, तर ती म्हणाली, मोरपंखी, पण जरा विटलेला. फोनची बॅटरी उतरली होती. ही रंगांची युक्ती मी पुढं कंपनीतही वापरली आणि तिथल्या लोकांनी ती हसत हसत उचलली.

तर ठरलेल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी फाटकापाशी गेले. फाटकाच्या आत डाव्या हाताला भिंतीला लाकडी फळी आहे, तिच्यावर धुतलेलं फडकं पसरलेलं असतं, आणि फडक्यावर सगळ्यांचे फोन. फळीच्या समोरच चपलांची रांग. तिथं एक म्हातारे राखणदार काका खुर्ची टाकून बसतात. मालक आला, बायका हात धुऊन आल्या, आई सगळ्यांच्या मागं उभी राहिली. मी मामांना फोन करून सांगितलं, दाबा.

वाजला. माझ्या हातातला फोन. फळीवरचा एकही नाही.

सगळे फळीकडं बघत होते आणि घंटा माझ्या मुठीत वाजत होती. मी आईचा फोन उचलून हातात घेतला आणि मामांना परत दाबायला लावलं. आता आईचाही वाजला. मी तो फळीवर ठेवायला आईकडं दिला, परत दाबायला लावलं, तर चिडीचूप. हातात घेतलं की शहाणा, फळीवर ठेवलं की मुका.

“तुझ्या हातातच वाजती व्हय?” मालक म्हणाला. “मग ढग आला की तूच भाईर ये.”

बायका हसल्या. आई हसली नाही. मला राग आला, मालकाचा नाही, फोनचा. मालकाला मी म्हणाले, उद्याचा एक दिवस द्या. तो हात झटकत म्हणाला, “उद्या दुपारपर्यंत. परवापासून गाड्या भरायच्यात.”

माझ्या कामात जे दोष सतत दिसतात ते गरीब असतात. छळतात ते असे, आपण बघायला गेलो की नाहीसे होणारे. नवी माणसं इथं घाबरून दहा गोष्टी एकदम बदलतात. मग अ‍ॅप सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर विचारूच नका. मी घरी येऊन आधी लॉग उघडला. अ‍ॅप काम करताना स्वतःशी पुटपुटत असतं: निरोप आला, अमुक केलं, तमुक केलं. ते पुटपुटणं साठवून ठेवता येतं, त्याला लॉग म्हणतात. लॉग लिहायचा कंटाळा करणाऱ्याशी मी काम करत नाही. आईच्या फोनचा लॉग स्वच्छ होता. निरोप आला. जागं झालं. आवाज दिला. फळीवरच्या मुक्या वेळेलाही हेच: आवाज दिला.

म्हणजे नेट ठीक होतं, बॅटरीची झोप नव्हती, माझं अ‍ॅप त्याचं काम करत होतं. अ‍ॅपनं दिलेला आवाज फोन गिळत होता, आणि तोही फळीवर असतानाच. घरात बसून याचं उत्तर मिळणार नाही हे मला तेवढ्यावरून कळलं. जिथं दोष दिसतो तिथं जाऊन बसायचं, हा माझा धंद्यातला पहिला धडा आहे, केबलच्याही आधीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबरच फाटकावर गेले. तिचा फोन मी मागून माझ्याकडं ठेवला, ती अनवाणी आत गेली, आणि मी राखणदार काकांच्या शेजारी पोत्यावर बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून आले होते. आधी फोन फाटकाबाहेर ठेवून घंटा दिली, वाजला. मग फळीवर ठेवला, आणि मामांना दाबायला सांगितलं. मामा वैतागलेच होते. “ढग न्हाय, पानी न्हाय, नुसतं दाब दाब,” म्हणाले, पण दाबलं.

फळीवरचा फोन वाजला. तीच फळी, तेच फडकं, तोच फोन.

मी चक्रावून बघत राहिले. घंटा वाजून थांबली. काका चहाचा कप घेऊन उठले, फळीपाशी गेले आणि जाता जाता त्यांनी आईचा फोन उचलून पालथा ठेवला.

“आसं ठेवत न्हाईत गं,” ते म्हणाले. “देवी हाय त्याच्यावर. चपलांकडं तोंड हुतंय.”

मी फळीकडं बघितलं. सगळे फोन पालथे होते. काल पालथे होते, मी शाळेत असल्यापासून, म्हणजे कारखान्यात पहिला मोबाईल आला तेव्हापासून पालथेच होते. आमच्या भागात फोन घेतला की पहिलं काम पडद्यावर तुळजापूरच्या आईचा फोटो लावायचं. आणि इथं समोर चपलांची रांग. देवीला दिवसभर चपला बघायला लावायच्या का? म्हणून फळीवर धुतलेलं फडकं, आणि त्याच्यावर फोन पालथा. काल मीच आईच्या हातात फोन दिला होता आणि तिनं तो नेहमीसारखा फळीवर ठेवला होता. आज मी ठेवला, कंपनीच्या सवयीनं, सुलटा.

मी मामांना म्हणाले, अजून एकदा, शेवटचं. पालथा फोन गप्प राहिला. मी तिथंच टाळी वाजवली आणि काकांच्या कपातला चहा सांडला.

बाकीचं पाच मिनिटांत उलगडलं. एकीनं एका दुकानातून फोन घेतला की बाकीच्या तोच फोन, त्याच दुकानातून घेतात. दुकानदारानंही हौसेनं सगळ्या सोयी चालू करून दिलेल्या. त्यातली एक सोय अशी, की फोन पालथा ठेवला की फोन समजतो, मालकीण कामात आहे, आता हिला त्रास द्यायचा नाही. मग तो सगळे आवाज गिळतो. हातात घेतला की परत बोलका. माझ्या टेबलावर फोन कधी पालथा पडतच नाही, त्यामुळं मला हे वर्षभर घरात दिसलं नसतं.

आता दुरुस्तीचे दोन-तीन रस्ते होते. दुपारी आई हात धुऊन डबा खायला आली तेव्हा मी तिला सोपा रस्ता सांगितला: फोन सुलटे ठेवा, झालं.

“आणि देवीनं काय बघायचं?” आई म्हणाली. “तुझ्या चपला?”

“फोटो बदला मग.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी तो विषय डब्याच्या झाकणासारखा बंद केला. ती सोय प्रत्येकीच्या फोनमधून काढून टाकता आली असती, पण उद्या एखादी नवा फोन घेऊन आली की परत मुका. माणसाची सवय जिथं देवाशी बांधलेली असते तिथं अ‍ॅपनं वाकायचं असतं, आणि वाकवायला मी बसलेच होते. फोनमध्ये आवाजाच्या जाती असतात. निरोपाचा आवाज फोन गिळतो. सकाळी उठवायच्या गजराचा आवाज मात्र, मालकिणीनं ठरवून बंद केल्याशिवाय, गिळत नाही. माझी घंटा निरोपाच्या जातीतली होती. मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन ती गजराच्या जातीत घातली, सोबत फोन थरथरेल असंही केलं, आणि एक बटण वाढवलं. घंटा वाजली की पडद्यावर मोठ्या अक्षरात येणार: आलो बाहेर. बायका शेडखाली पोचल्या की काकांनी त्यांच्या फोनवर ते दाबायचं, म्हणजे मला इकडं कळेल. या अ‍ॅपचा रंग हळदी ठेवला. तासाभरात सगळं झालं. घाईत काम करताना मी नेहमीपेक्षा हळू टाइप करते, त्यानं वेळ वाचतो.

मालकानं दिलेली दुपार उलटायच्या आत मी फाटकावर होते. सगळ्या फोनवर हळदी रंग चढवला आणि फडक्यावर माझ्या हातानं एकेक पालथा ठेवला. मालक घड्याळ बघत आला. मामांनी दाबलं.

फळीवर एकदम सगळ्या घंटा सुरू झाल्या. फोन लाकडावर थरथरत पुढं सरकायला लागले, एक तर फळीवरून खालीच येत होता, तो आईनं झेलला. काका खुर्चीतून उभे राहिले. लांबच्या खोलीतली एक बाई, जिला आज काही माहीत नव्हतं, ती धावत बाहेर आली आणि विचारायला लागली, काय झालं, काय झालं.

“बंद कर, बंद कर!” मालक कानावर हात ठेवून ओरडला. मग आवाज थांबल्यावर जरा वेळ फळीकडं बघत म्हणाला, “वाजल्या वाजल्या भाईर. ठरलं. म्या शब्द देतो.” त्यानं शब्द पाळला, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

दिवाळी आठवड्यावर आली असताना मामांनी खरं बटण दाबलं. त्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. मी खोलीत कंपनीचं काम करत होते आणि माझा फोन घंटा वाजवायला लागला. खिडकीतून बघितलं तर आमच्यावर ऊन. ईटच्या बाजूला मात्र आभाळ काळंनिळं झालेलं. मी लॅपटॉपवर लॉग उघडला. निरोप सगळ्या फोनना पोचला होता. आवाज दिला, आवाज दिला, आवाज दिला, ओळीखाली ओळ. पण लॉगनं मला एकदा हेच सांगितलं होतं आणि फळी मुकी होती. मला आता फक्त एक गोष्ट बघायची होती, आलो बाहेर.

ते येईना. लांब पहिला गडगडाट झाला. माझ्या डोक्यात सगळं फिरून गेलं: कुणी नवीन फोन आणला असेल, कुणी गजराचा आवाजच कमी करून ठेवला असेल, मालकानं हातातलं उरका म्हटलं असेल. कामाच्या बाबतीत मला माझी खात्री असते. आईच्या बाबतीत कशाचीच नसते. फोन लावावा म्हटलं तर तिचा फोन फळीवर, आणि ती कुठं, हेच तर मला कळत नव्हतं. ऊन गेलं. वारं सुटलं, खोलीचा पत्रा वाजायला लागला, आणि मी चपला शोधायला उठले.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली. आलो बाहेर. मी खुर्चीत बसले ती बसलेच. थोड्या वेळानं माळावर वीज कडाडली तेव्हा घराच्या खिडक्या हादरल्या. नंतर लॉगमध्ये नीट बघितलं तर निरोप काकांच्या फोनवरून आलाच नव्हता. तो आईच्या फोनवरून आला होता.

पाऊस उघडल्यावर आई घरी आली. ओली, थकलेली, आणि खुशीत. काका म्हणे फाटक उघडायला आणि लांबच्या खोलीतल्या बायकांना हाका मारायला धावले, बटण दाबायचं विसरूनच गेले. मालक स्वतः शेडखाली त्यांच्या रांगेत उकिडवा बसला होता. हे सांगत सांगत तिनं पिशवीतून फोन काढून माझ्यासमोर ठेवला, सुलटा. मी तो चार्जिंगला लावायला उचलला आणि माझा हात थांबला. पडद्यावर देवीचा फोटो, आणि देवीच्या मळवटावर चंदेरी अंगठा उमटलेला. बटण तिथंच होतं.

“हात नाही धुतलेस?” मी विचारलं.

“धुवायला वळलेच हुते,” आई म्हणाली. “पण म्हनलं, तू तिकडं वाट बघत आसशील.”